मेनूतील पर्याय कारण नसताना फिका राहतो: वारंवार येणाऱ्या एका तक्रारीचा माग

मेनूतील एखादा पर्याय वापरता यायला हवा नेमका तेव्हाच तो फिका दिसतो, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला की सुरळीत होतो आणि आठवडाभराने तीच तक्रार परत येते. डेस्कटॉप प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांना हे नवे नाही. माझ्याकडे ही तक्रार नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्याच्या एका अडत दुकानातून आली आणि दोन हंगाम मी तिचे मूळ न शोधता वरवरची मलमपट्टी करत राहिलो. तो प्रोग्रॅम मी जावा भाषेच्या स्विंग या टूलकिटमध्ये (खिडक्या, मेनू, बटणे यांचे तयार भाग पुरवणाऱ्या संचात) लिहिलेला असल्यामुळे पुढचे बहुतेक विवेचन स्विंगचे आहे. मात्र रोग जवळजवळ सगळ्याच टूलकिटमध्ये आढळतो, फक्त त्याची लक्षणे निराळी दिसतात.

प्रोग्रॅम साधा आहे. शेतकऱ्याचा माल उतरला की त्याच्या नावाची कच्ची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, तयार होते. लिलाव झाल्यावर वजन आणि भाव भरले, हमाली व तोलाई मांडली की ती पक्की होते. आणि फक्त पक्की पट्टीच छापता येते. 'पट्टी' या मेनूत 'छापा', 'दुरुस्ती', 'रद्द करा' आणि 'दिवस बंद करा' असे चार पर्याय आहेत. 'छापा'साठी टूलबारवर एक बटण आहे आणि कंट्रोल-पी हा शॉर्टकट आहे. हा पर्याय सक्रिय असण्याच्या अटी चार: तक्त्यात एखादी पट्टी निवडलेली असावी, ती पक्की असावी, त्या तारखेचा दिवस बंद झालेला नसावा आणि त्या क्षणी दुसरी छपाई चालू नसावी.

आंबिया बहराची आवक वाढली की दुकानातून फोन सुरू व्हायचे. मुनीमजींचे वाक्य ठरलेले असे: "सर, ते छापा वालं फिकंच दिसून राह्यलं. बंद करून चालू केलं का होते बराबर." काटोल-नरखेडकडून आलेला शेतकरी पट्टीसाठी समोर उभा, त्याची गाडी परतीसाठी तयार, आणि इकडे प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडायचा, हे रोज चार-पाच वेळा घडत असे. मी माझ्या टेबलावर तोच प्रोग्रॅम चालवून पाहिला की सर्व काही व्यवस्थित चाले. त्यामुळे आधी मी प्रिंटरच्या ड्रायव्हरला दोष दिला आणि नंतर एक पळवाट काढली: कंट्रोल-शिफ्ट-एम दाबले की सर्व पर्याय सक्तीने सक्रिय होतील अशी गुप्त कळ प्रोग्रॅममध्ये घातली. मुनीमजींनी ती इतकी मनावर घेतली की पुढे इंटरनेट गेले तरी ते आधी तीच कळ दाबून पाहत. अशा कळीने तक्रार दबते, पण तिच्यामागचे कारण तसेच राहते. शिवाय कच्ची पट्टीही छापली जाऊ लागते, हा त्यातला अधिक वाईट भाग.

आधी रोग कोणता ते ठरवावे

'पर्याय चालत नाही' या एकाच वाक्यामागे तीन वेगळे रोग असू शकतात आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. पहिल्या प्रकारात पर्याय सक्रिय असायला हवा, पण तो फिका असतो. दुसऱ्यात तो फिका दिसतो, पण शॉर्टकट दाबला की काम होते, म्हणजे नको तेथे वाट मोकळी राहते. तिसऱ्यात शॉर्टकट दाबून काहीच घडत नाही, मात्र मेनू एकदा उघडून बंद केला की तोच शॉर्टकट चालू लागतो. हे फोनवरच ओळखता यावे म्हणून मी आता तीन प्रश्न विचारतो: टूलबारवरचे बटणही फिके आहे का, शॉर्टकट चालतो का, आणि मेनू एकदा उघडून पुन्हा पाहिल्यावर काही फरक पडतो का. या तीन उत्तरांवरून निम्मे काम होते. 'प्रोग्रॅम पुन्हा सुरू केल्यावर ठीक होतो का' हा प्रश्न मी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी होकारार्थी असते आणि त्यातून काहीही कळत नाही.

दुकानात टूलबार लपवून ठेवलेला होता, कारण तक्त्याला जागा कमी पडत होती. पर्याय फिका असतानाच मी तो दाखवायला सांगितला, तेव्हा टूलबारवरचे 'छापा' चक्क सक्रिय होते. मेनूतला 'छापा' मृत, टूलबारवरचा जिवंत, आणि दोन्ही काम व सक्रिय-निष्क्रिय स्थिती सांभाळणाऱ्या एकाच ऑब्जेक्टला, म्हणजे अ‍ॅक्शनला जोडलेले. येथे पहिल्यांदा मला प्रिंटरचा नाद सोडावा लागला.

त्यानंतर मी लॉग फाइलमध्ये एक ओळ लिहिण्याची सोय केली. त्या ओळीत चारही अटींची खरी किंमत, अ‍ॅक्शनची स्थिती आणि मेनूतील घटकाची स्थिती अशा सहा गोष्टी शेजारी शेजारी नोंदवल्या जात. ही ओळ लिहिण्यास दहा मिनिटे लागतात आणि ती नसेल तर माणूस महिनोन्‌महिने अंदाज बांधत बसतो. पुढच्या तक्रारीच्या वेळी ओळ अशी निघाली: चारही अटी पूर्ण, अ‍ॅक्शन सक्रिय, मेनूतील घटक निष्क्रिय. अ‍ॅक्शन सक्रिय असताना तिला जोडलेला घटक निष्क्रिय राहतोच कसा, हा प्रश्न आता नेमका झाला होता.

मूळ कारण: एकाच स्थितीचे दोन मालक

स्विंग १९९८ साली जावाच्या १.२ आवृत्तीसोबत आले आणि तेव्हापासून त्यात अ‍ॅक्शन ही कल्पना आहे. एकच अ‍ॅक्शन मेनूतील घटकाला, टूलबारच्या बटणाला आणि उजव्या क्लिकच्या मेनूला जोडता येते. अ‍ॅक्शनवर 'सेटएनेबल्ड' म्हटले की ती बदल झाल्याचा निरोप सर्वांना देते आणि सर्वजण आपापली स्थिती तिच्याप्रमाणे करून घेतात. येथवर सर्व ठीक आहे. पण 'अ‍ॅब्स्ट्रॅक्टअ‍ॅक्शन' हा वर्ग निरोप पाठवण्यापूर्वी जुनी आणि नवी किंमत ताडून पाहतो आणि दोन्ही सारख्या असतील तर काहीही न करता परत फिरतो. अनावश्यक निरोप टाळण्यासाठी ही रचना योग्यच आहे. मात्र कोणी अ‍ॅक्शनला बाजूला ठेवून थेट मेनूतील घटकावरच 'सेटएनेबल्ड' वापरले, तर अ‍ॅक्शनला त्याचा पत्ता लागत नाही. घटक निष्क्रिय झालेला असतो, अ‍ॅक्शनच्या मते ती स्वतः अजून सक्रियच असते, आणि पुढे अ‍ॅक्शनवर कितीही वेळा 'सक्रिय हो' म्हटले तरी तिच्या दृष्टीने काहीच बदललेले नसल्यामुळे निरोप निघत नाही. घटक फिका तो फिकाच.

माझ्या प्रोग्रॅममध्ये अगदी हेच झाले होते. एकाच पट्टीच्या दोन प्रती चुकून निघू नयेत म्हणून, छपाई सुरू होताच मेनूतील 'छापा' थेट निष्क्रिय करणारी एक ओळ मी पूर्वी कधीतरी घातली होती. छपाई संपल्यावर मात्र सक्रिय करण्याची ओळ अ‍ॅक्शनवर लिहिलेली होती. बंद करणारा एक आणि उघडणारा दुसरा, असा हा कारभार होता.

मग हे रोज प्रत्येक वेळी का घडत नव्हते, हा प्रश्न उरतो आणि वारंवार येणाऱ्या पण प्रत्येक वेळी न दिसणाऱ्या बगमध्ये या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय मूळ सापडले असे मानू नये. एरवीच्या दिवशी मुनीमजी एक पट्टी छापत आणि लगेच पुढच्या शेतकऱ्याची नवी पट्टी उघडत. नवी पट्टी कच्ची असल्यामुळे अ‍ॅक्शन निष्क्रिय होई, वजन-भाव भरून ती पक्की झाली की अ‍ॅक्शन पुन्हा सक्रिय होई. या बदलाचा निरोप मेनूपर्यंत पोहोचे आणि घटकाची बिघडलेली स्थिती आपोआप दुरुस्त होई. गर्दीच्या दिवसांत मात्र ते आधी दहा-बारा पट्ट्या पक्क्या करून ठेवत आणि मग एकामागून एक छापत. एका पक्क्या पट्टीवरून दुसऱ्या पक्क्या पट्टीवर जाताना अ‍ॅक्शनची किंमत बदलतच नसे, त्यामुळे निरोप नाही, आणि पहिल्या छपाईनंतर मेनू मृत. माझ्या टेबलावर मी दर वेळी नवीन पट्टी बनवून छापत असल्यामुळे मला बग कधी दिसलाच नाही. शॉर्टकटही त्याबरोबर मरत असे, कारण कंट्रोल-पी हा मेनूतील घटकाला दिलेला होता आणि स्विंगमध्ये निष्क्रिय घटकाचा शॉर्टकट चालत नाही.

उपाय असा केला. मेनूतील घटक, बटणे किंवा उजव्या क्लिकचा मेनू यांपैकी कोणावरही थेट 'सेटएनेबल्ड' वापरायचे नाही, हा पहिला नियम. संपूर्ण कोडमध्ये शोध घेऊन अशा ओळी काढून टाकल्या आणि त्या अकरा निघाल्या. दुसरे म्हणजे 'पर्याय ठरवा' या नावाचे एकच फंक्शन लिहिले. ते प्रोग्रॅमची सद्यस्थिती वाचते, प्रत्येक पर्यायाच्या अटी तपासते आणि प्रत्येक अ‍ॅक्शनला हो किंवा नाही अशी किंमत देते. निवड बदलली, पट्टी पक्की झाली, दिवस बंद झाला, छपाई सुरू झाली किंवा संपली, अशा प्रत्येक घटनेनंतर हेच फंक्शन बोलावले जाते. घटनेने फक्त 'काहीतरी बदलले' एवढेच कळवायचे. 'छापा बंद करा' असे सांगण्याचा अधिकार तिला नाही. 'छपाई चालू आहे' हीदेखील इतर अटींसारखी एक साधी खूण झाली. सारखीच किंमत पुन्हा दिली तर अ‍ॅक्शन काही करत नाही, म्हणून हे फंक्शन कितीही वेळा बोलावले तरी बोजा पडत नाही. आधी ज्या तपासणीने मला दोन हंगाम छळले, तीच येथे उपयोगी पडते.

मूळ काढल्यावरही उरलेले दोन प्रकार

या बदलानंतर तक्रारी पुष्कळ कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. लॉगमधील ओळ आता वेगळी दिसत होती: अ‍ॅक्शन आणि घटक दोन्ही निष्क्रिय, आणि अटींपैकी 'पट्टी निवडलेली आहे' ही अपुरी. म्हणजे मेनू खरे बोलत होता. दुकानात दोन संगणक आहेत आणि दुसऱ्या काउंटरवरच्या पट्ट्या दिसाव्यात म्हणून तक्ता दर ३० सेकंदांनी डेटाबेसमधून नव्याने भरला जातो. संपूर्ण माहिती बदलल्याचा इव्हेंट (घटनेची सूचना) दिला की 'जेटेबल' हा स्विंगमधील तक्ता आपली निवड पुसून टाकतो. मुनीमजी पट्टी निवडत, शेतकऱ्याशी दोन शब्द बोलत, आणि तेवढ्यात तक्ता ताजा होऊन निवड नाहीशी होई. त्यांचे लक्ष पडद्याकडे नसल्यामुळे त्यांना फक्त फिका पर्याय दिसे. यावर तक्ता भरण्यापूर्वी निवडलेल्या पट्टीचा क्रमांक लक्षात ठेवायचा, भरून झाल्यावर तोच क्रमांक शोधून ती ओळ पुन्हा निवडायची आणि त्यानंतर एकदाच 'पर्याय ठरवा' बोलवायचे, असे केले. ओळीचा अनुक्रम लक्षात ठेवणे पुरेसे नाही, कारण वर नवीन पट्टी आली की सर्व अनुक्रम एकाने सरकतात आणि मग पाटलांची पट्टी समजून ठाकऱ्यांची छापली जाते.

दुसरा प्रकार कागद संपण्याचा. छपाई पार्श्वभूमीतील थ्रेडवर (स्वतंत्रपणे चालणाऱ्या धाग्यावर) चालते आणि त्या थ्रेडमध्ये अपवाद, म्हणजे मध्येच उद्भवलेली त्रुटी, आला तर 'छपाई चालू आहे' ही खूण खाली उतरवणारी ओळ चालतच नसे. पार्श्वभूमीतील कामासाठी स्विंगचा 'स्विंगवर्कर' वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. काम यशस्वी होवो वा फसो, त्याची 'डन' ही पद्धत पडद्याच्या थ्रेडवर बोलावली जाते, म्हणून खूण उतरवण्याचे आणि पर्याय ठरवण्याचे काम तेथेच करावे. आणि 'डन'मध्ये 'गेट' बोलावल्याशिवाय आत आलेला अपवाद कोणालाच कळत नाही. तो शांतपणे गिळला जातो आणि आपण पुन्हा प्रिंटरच्या ड्रायव्हरवर संशय घेत बसतो. स्वतःचा थ्रेड चालवत असाल तर खूण उतरवणे 'फायनली'मध्ये (काहीही झाले तरी चालणाऱ्या भागात) ठेवावे आणि मेनूला हात लावणारा प्रत्येक बदल 'इन्व्होकलेटर'मधून पडद्याच्या थ्रेडकडे सोपवावा. इतर थ्रेडवरून केलेला बदल दहातील नऊ वेळा चालतो, आणि हीच त्याची खोड आहे.

मेनू उघडताना तपासले तर काय बिघडते

या समस्येवर सर्वाधिक सुचवला जाणारा उपाय म्हणजे मेनू उघडला जाताना पर्यायांची स्थिती तपासून घेणे. स्विंगमध्ये त्यासाठी मेनूला लिसनर (इव्हेंट ऐकणारा कोड) लावून 'मेनूसिलेक्टेड'मध्ये तपासणी करता येते. उपाय सोपा आहे आणि माऊसने काम करणाऱ्याला पुरतोही. पण शॉर्टकट दाबताना मेनू उघडतच नाही. मेनू शेवटचा उघडला होता तेव्हाची शिळी स्थिती घटकाला चिकटलेली असते आणि शॉर्टकट त्या शिळ्या स्थितीवर चालतो किंवा अडतो. वर सांगितलेला तिसरा रोग, म्हणजे मेनू एकदा उघडून बंद केल्यावर शॉर्टकट जिवंत होणे, हा बहुधा याच उपायाचा परिणाम असतो. अडत दुकानातला मुनीम माऊसला क्वचित हात लावतो. त्याचे सर्व काम कळींवर चालते, त्यामुळे तेथे हा उपाय कुचकामी आहे. ज्या अटी बाहेरून बदलतात आणि त्यांचा इव्हेंट आपल्याला मिळत नाही, उदाहरणार्थ क्लिपबोर्डवर काही आहे की नाही, तेवढ्यांसाठी मेनू उघडतानाची तपासणी ठेवावी. पण अशा पर्यायाचा शॉर्टकट कायम मोकळा ठेवून खरी तपासणी आतल्या कामातच करावी.

आतल्या कामातील ही तपासणी केवळ क्लिपबोर्डपुरती नाही. फिका पर्याय ही कुंपणाची भिंत आहे असे मानून चालणारा प्रोग्रॅमर कधी ना कधी फसतो. आमच्या दुकानात एका काउंटरवर पट्टी रद्द झाली आणि त्याच अर्ध्या मिनिटात दुसऱ्या काउंटरवर ती छापली गेली, कारण दुसऱ्या पडद्याला रद्द झाल्याचे अजून कळलेले नव्हते. पर्याय सक्रिय दिसत होता आणि त्या पडद्याच्या माहितीप्रमाणे ते बरोबरही होते. आता 'छापा' चालताच डेटाबेसमधून पट्टीची स्थिती पुन्हा वाचली जाते आणि ती रद्द असेल तर तसा संदेश दिला जातो. 'दिवस बंद करा' हा पर्याय तर मालकापुरताच आहे; तेथे परवानगीची तपासणी मेनूत आहे, आतल्या कामात आहे आणि डेटाबेसच्या व्यवहारातही आहे, आणि या तिन्हींपैकी मेनूतली तपासणी सर्वांत कमी भरवशाची आहे.

फिका असूनही शॉर्टकट चालणे या दुसऱ्या रोगाचे कारण स्विंगमध्ये बहुधा असे असते की तीच कळ खिडकीच्या मूळ पेनवर स्वतंत्रपणे बांधलेली असते. त्या मार्गाने अ‍ॅक्शनची स्थिती तपासली जाते, मेनूतील घटकाची नाही; म्हणून केवळ घटक निष्क्रिय केला असेल तर कळ खुशाल काम करते. सर्व मार्ग एकाच अ‍ॅक्शनकडे नेले आणि स्थिती तिच्याच हाती दिली की हा रोग राहत नाही. याच्या उलट, सक्रिय पर्यायाचा शॉर्टकट तक्त्यात असताना न चालणे हा स्थितीचा दोष नसतो. उदाहरणार्थ एफ-२ ही कळ 'जेटेबल' स्वतःच तक्त्यातील कप्पा संपादित करण्यासाठी वापरतो, त्यामुळे ती मेनूपर्यंत पोहोचतच नाही. तेथे दुसरी कळ निवडणे हाच शहाणपणा.

इतर टूलकिटमध्ये

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फॉर्म्समध्ये मेनू उघडतानाच्या 'ड्रॉपडाउनओपनिंग' या इव्हेंटमध्ये पर्याय निष्क्रिय केला आणि पुढे तसाच सोडला, तर त्याचा शॉर्टकट मेनू पुन्हा उघडेपर्यंत मृत राहतो. तेथे मेनू मिटताना सर्व पर्याय पुन्हा सक्रिय करून ठेवावेत आणि खरी तपासणी क्लिकच्या कामात करावी, ही जुनी आणि उपयोगी युक्ती आहे. मायक्रोसॉफ्टच्याच डब्ल्यूपीएफमध्ये कमांडची 'कॅनएक्झिक्यूट' ही पद्धत विचारली जाते, पण ती केव्हा विचारायची हे मुख्यतः कळ, क्लिक आणि फोकस यांच्या हालचालीवरून ठरते. त्यामुळे पार्श्वभूमीतील काम संपले तरी पर्याय फिका राहतो आणि कोठेतरी क्लिक केले की अचानक जागा होतो. काम संपल्यावर 'इन्व्हॅलिडेटरिक्वेरीसजेस्टेड' बोलावणे हा त्यावरचा उपाय.

मायक्रोसॉफ्टच्या सी++ साठीच्या एमएफसीमध्ये 'एनेबलमेनूआयटम' बोलावूनही पर्याय जुमानत नाही अशी तक्रार असते. तेथे फ्रेम खिडकी मेनू दाखवण्यापूर्वी प्रत्येक कमांडची स्थिती स्वतःच ठरवते आणि ज्या कमांडला हाताळणारे फंक्शनच नाही ती आपोआप निष्क्रिय करते. तिच्याशी झगडण्यापेक्षा त्या कमांडसाठी अपडेट हँडलर लिहावा. शॉर्टकटने आलेली कमांडही चालवण्यापूर्वी तोच हँडलर विचारला जातो, हा त्याचा मोठा फायदा. विंडोजच्या मूळ एपीआयवर काम करताना मेनूपट्टीवरील सर्वांत वरचा घटक बदलला असेल तर 'ड्रॉमेनूबार' बोलवावे लागते, नाहीतर स्थिती बदललेली असते आणि चित्र मात्र जुनेच दिसते.

मॅकवरील कोकोमध्येही असेच आहे: मेनूचे 'ऑटोएनेबल्सआयटम्स' सुरुवातीपासून चालू असते आणि तोपर्यंत हाताने दिलेली सक्रिय-निष्क्रिय किंमत टिकत नाही. 'व्हॅलिडेटमेनूआयटम' या पद्धतीत उत्तर द्यावे. क्यूटीमध्ये 'क्यूअ‍ॅक्शन' मेनू आणि टूलबार दोघांनाही सांभाळते, निष्क्रिय झाली की शॉर्टकटही थांबवते, आणि मेनू उघडण्यापूर्वी मिळणाऱ्या 'अबाउटटूशो' या सूचनेवर विसंबले तर वर सांगितलेली शिळेपणाची अडचण तेथेही येते.

पायथॉनच्या टीकेइंटरमध्ये दोन खड्डे आहेत आणि विद्यार्थी त्यांत हमखास पडतात. मेनूची 'टेअरऑफ' रेघ (मेनू सुटा करण्याची) सुरुवातीला चालू असते आणि तिचा क्रमांक शून्य असतो. त्यामुळे शून्य क्रमांकाचा पर्याय निष्क्रिय करायला जावे तर त्रुटी येते आणि एकावर जावे तर दुसराच समजून पहिला पर्याय फिका पडतो. 'टेअरऑफ' शून्य करावे किंवा पर्यायाच्या नावानेच तो बदलावा. दुसरा खड्डा असा की तेथे मेनूत दिलेला 'अ‍ॅक्सिलरेटर' म्हणजे केवळ उजवीकडे छापलेला मजकूर; कळ स्वतंत्रपणे बांधावी लागते आणि पर्याय निष्क्रिय केला तरी बांधलेली कळ चालूच राहते. म्हणून बांधलेल्या फंक्शनमध्येही अट तपासायला हवी.

लपवावे की फिके करावे

काहीजण या सगळ्या कटकटीपेक्षा नको असलेला पर्याय मेनूतून काढूनच टाकतात. मला ते पटत नाही. मेनूतील पर्यायांची जागा हाताच्या सवयीत बसलेली असते आणि वरचा एक नाहीसा झाला की खालचे सर्व वर सरकतात. 'दुरुस्ती'वर क्लिक करणारा हात 'रद्द करा'वर पडतो. एखाद्या व्यक्तीला कधीच न मिळणारा पर्याय, जसा मुनीमजींना 'दिवस बंद करा', तेवढाच लपवावा. बाकीचे फिके करावेत. पण फिका पर्याय कारण सांगत नाही ही त्याची उणीव खरी आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या फोनपैकी कित्येक या उणिवेमुळेच होते. म्हणून 'पर्याय ठरवा' हे फंक्शन आता हो-नाहीच्या जोडीला कारणही परत देते आणि ते खालच्या स्थितिपट्टीवर दिसते: 'पट्टी निवडलेली नाही', 'पट्टी अजून कच्ची आहे', 'दिवस बंद झाला आहे', 'छपाई चालू आहे'. एकाहून अधिक कारणे असतील तर पहिले तेवढेच दाखवायचे. चारही एकदम दाखवून पाहिली, तेव्हा कोणी वाचत नव्हते.

हे फंक्शन पडद्याला हात न लावता केवळ स्थितीवरून उत्तर देत असल्यामुळे त्याची चाचणीही सोपी झाली. चार अटींच्या १६ जुळण्या होतात. त्या सर्व एका चाचणीत तपासल्या जातात आणि प्रत्येक नव्या आवृत्तीपूर्वी ती चालवली जाते. त्याखेरीज एक चाचणी मी हातानेच करतो: बारा पट्ट्या पक्क्या करायच्या आणि माऊसला हात न लावता एकामागून एक छापायच्या, मध्ये एकदा प्रिंटरमधील कागद काढून घ्यायचा.

कंट्रोल-शिफ्ट-एम काढून टाकण्याचा माझा विचार होता, पण मुनीमजींनी हंगाम संपेपर्यंत ती राहू द्या म्हणून सांगितले. त्यामुळे कळ अजून आहे. ती आता कोणताही पर्याय सक्रिय करत नाही. दाबल्यावर चार अटी, अ‍ॅक्शन आणि घटक यांची ती एक ओळ लॉग फाइलमध्ये लिहिते आणि फोन येण्यापूर्वीच मला उत्तर तयार मिळते.